पाणी कोणाच्या हाती?

श्रोतेहो, नळयोजनेचा विषय निघाला की चावडीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "पंचायतीच्याने हे निभत नाही, देऊन टाका एखाद्या कंपनीला." दुसरा म्हणतो, "पाणी का विकायची वस्तू आहे?" या दोघांनीही कोचाबांबाची हकीगत ऐकून ठेवावी.

कोचाबांबा हे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशातले शहर. तिथले सरकारी पाणी मंडळ कर्जात बुडालेले, नळ गळके, आणि दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत तर नळच नव्हते. तिथली माणसे टँकरचे महाग पाणी विकत घेत. तेव्हा कंपनी आणा म्हणणाऱ्यांचे बोलणे अगदीच पोकळ नव्हते. सप्टेंबर १९९९ मध्ये सरकारने ४० वर्षांच्या कराराने शहराचे पाणी एका खाजगी कंपनीकडे सोपविले. टेंडर भरणारी ती एकटीच होती; आणि तिला नफ्याची हमी करारातच लिहून दिलेली होती.

आता हिशेब पाहा. जुने कर्ज, मोठ्या धरणाचा खर्च आणि हा हमीचा नफा, या तिन्हींचा भार पाणीपट्टीवर पडला. कंपनी म्हणे, वाढ सरासरी ३५ टक्के. पण कित्येक घरांची बिले दुप्पट झाली. त्यातच नवा कायदा आला. वर्गणी काढून खणलेल्या आपल्या विहिरीही आता कंपनीच्या होणार, अशी धास्ती लोकांना पडली. शेतकरी, कामगार रस्त्यावर उतरले. एप्रिल २००० मध्ये गोळी लागून सतरा वर्षांचा एक मुलगा मेला. सरकारला करार मोडावा लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पाणी पुन्हा सरकारी मंडळाकडे आले, मंडळावर लोकांनी निवडलेले प्रतिनिधीही बसले. तरी गळती थांबली नाही, आणि दक्षिणेकडच्या अनेक वस्त्या पुढे कित्येक वर्षे टँकरवरच राहिल्या. कंपनी गेली म्हणून नळाला आपोआप पाणी येत नाही, हेही त्या शहराने पाहिले.

आपल्याकडे नागपूर महानगरपालिकेने २०१२ मध्ये पाणीपुरवठा चालविण्याचे काम २५ वर्षांच्या कराराने कंपनीला दिले. मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. म्हणजे देण्याच्याही तऱ्हा असतात.

म्हणून मंडळींनो, 'सरकारी की खाजगी' एवढ्यावर भांडून भागत नाही. दर कोण ठरवणार? गळतीचा भुर्दंड कोण सोसणार? ज्याला पट्टी झेपत नाही, त्याच्या घागरीचे काय? आणि जाब विचारायचा तो कोणाला? हे प्रश्न ग्रामसभेत करार होण्याआधी विचारा. गुरुजी, आपल्या मोठ्या मुलांना एक गणित घाला: टाकीत किती पाणी चढले, घरोघरी किती पोचले, पट्टी किती जमली. ज्या गावाला हा हिशेब येतो, त्याला कंपनीही फसवू शकत नाही आणि पंचायतही.