राईट झालं म्हणजे डिस्कवर गेलं का?

आजचा विषय छोटा आहे, पण फाइलमध्ये काहीही साठवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

आपण 'राईट' हा सिस्टम कॉल करतो, तो 'झालं' म्हणून परत येतो. डेटा कुठे गेला? बहुतेक वेळा डिस्कवर नाही. कर्नलने तो मेमरीत, म्हणजे पेज कॅशमध्ये, उतरवून घेतला एवढंच. लिनक्सच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये तो 30 सेकंद जुना झाला की डिस्ककडे पाठवायच्या रांगेत लागतो. तेवढ्यात लाइट गेली तर डेटाही गेला! विंडोजचं 'राईटफाइल'सुद्धा डीफॉल्टने असंच वागतं.

म्हणून 'एफसिंक'. लिनक्सवर तो दोन कामं करतो. पेज कॅशमधला त्या फाइलचा डेटा डिस्ककडे पाठवतो, आणि डिस्कच्या स्वतःच्या कॅशलाही रिकामं व्हायला सांगतो. (हो, डिस्कच्या आतही कॅश असते.) विंडोजवर हेच काम 'फ्लशफाइलबफर्स' करतं.

मॅकओएसवर मात्र गंमत आहे. नाव तेच, एफसिंक, पण तो पहिलंच काम करून परत येतो. दुसरं हवं असेल तर 'एफसीएनटीएल'ला 'एफ-फुलएफसिंक' द्यावं लागतं. ॲपलने हे मॅन पेजमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण मॅन पेज वाचतं कोण! एसक्यूलाइटसुद्धा मूळ सेटिंगमध्ये साधा एफसिंकच वापरतं. तेव्हा मॅकवर डेटाबेस भन्नाट पळताना दिसला, तर आधी हे तपासा.

आता खरा घोळ. एफसिंकच फेल झाला तर? पुन्हा करून बघू, असंच कुणालाही वाटेल. पोस्टग्रेसवाल्यांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. 2018 मध्ये लक्षात आलं की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ते पान तरीही 'स्वच्छ' धरतो. मग दुसरा एफसिंक खुशाल यशस्वी होतो, आणि डेटा डिस्कवर नसतोच. फ्रीबीएसडी अशा वेळी पान 'डर्टी'च ठेवतो, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ उरतो. माझ्या मते तेच बरोबर, पण डिस्क कायमची गेली असेल तर ती पानं मेमरीत किती दिवस सांभाळायची, हा लिनक्सवाल्यांचा प्रश्नही अगदीच चुकीचा नाही.

पोस्टग्रेसने 2019 मध्ये उपाय काढला: एफसिंक फेल झाला की सर्व्हर सरळ पॅनिक करून बंद पाडायचा आणि लॉगमधून सगळं परत उभं करायचं.

पुढच्या भागात आयओ-यूरिंग. भेटूच.