सोन्याखालचं लाकूड

ऑस्टर्ली पार्क ही लंडनच्या पश्चिमेची हवेली चाइल्ड या पेढीवाल्या घराण्याची. १७७०च्या दशकात वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम यानं तिथल्या खास पाहुण्यांच्या दालनांचं रूप ठरवलं, ते थेट खुर्च्यांपर्यंत. टॅपेस्ट्री रूममधल्या हातखुर्च्या सोनेरी, त्यांच्या लंबगोल पाठींना पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्याचं विणकाम. शयनगृहात खुर्च्यांच्या पाठी सोनेरी स्फिंक्सांनी पेललेल्या. त्यापुढचं एट्रुस्कन दालन मात्र रंगाचं: फिकट भिंतींवर प्राचीन मातीच्या भांड्यांवर असते तशी काळी आणि विटकरी नक्षी, खुर्च्यांवरही तीच. लेखक होरेस वॉल्पोल १७७८ मध्ये हे पाहून वैतागला. राजवाड्यातून निघून कुंभारवाड्यात शिरल्यासारखं वाटतं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय.

मला तर ती कुंभारवाड्यातली खुर्चीच अधिक अवघड वाटते.

सोनं म्हणजे शेवटी मुलामा. आत बहुधा बीचचं लाकूड: स्वस्त, कोरायला बरं आणि किडीचं लाडकं. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे लेप, एकावर एक. त्यात कोरीवकाम बुजतं, म्हणून ते पुन्हा कोरून मोकळं करायचं. मग लाल मातीचा हात. ती ओलावून वर्ख टेकवायचा. जोरात श्वास सोडला तरी तो उडतो. सुकल्यावर अकीकानं घोटला की लखलखतो. तेलावर बसवलेला वर्ख टिकतो जास्त, पण घोटता येत नाही. मुरलेला कारागीर काही भाग चकचकीत, काही मंद ठेवी. पुढच्या पिढीनं सरसकट नवा मुलामा चढवला की तो सगळा खेळ गेला.

तरीही सोनेरी खुर्ची कुठल्याही दिवाणखान्यात मिरवते. एट्रुस्कन खुर्ची तिच्या भिंतीपासून तोडली तर नुसतं चित्रविचित्र लाकूड उरेल. १९४९ मध्ये ऑस्टर्ली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली आणि फर्निचरही राष्ट्रासाठी राखलं गेलं, हे नशीबच. अनेक हवेल्यांमधले संच लिलावात फुटून जगभर पांगले.

अशा लिलावात जाणकार आधी खुर्ची उलटी करतो. पाठीमागून फार कळत नाही; खुर्च्या भिंतीला लावून मांडत, त्यामुळे ती बाजू पुष्कळदा मुळातच साधी. बैठकीच्या चौकटीची आतली बाजू मात्र उघडं लाकूड असते. हत्यारांच्या खुणा, किडीची भोकं, आधीच्या गाद्यांच्या खिळ्यांच्या जागा तिथे दिसतात. भोकं भरपूर आणि खुणा एकदम कोऱ्या, असं दिसलं की समजायचं, जुन्या लाकडातून नवी खुर्ची घडवलीय.