बायको पुण्यात, फॉर्म अमेरिकेत

अमेरिकेच्या केंद्रीय आयकराच्या फॉर्म १०४० वर उत्पन्नाच्या आकड्यांआधी करदात्याचा कौटुंबिक दर्जा विचारतात. दर्जे पाच : अविवाहित, विवाहित-संयुक्त, विवाहित-स्वतंत्र, कुटुंबप्रमुख आणि मूल सांभाळणारे विधवा-विधुर. प्रमाणित वजावट त्यावरच ठरते. २०२५ च्या उत्पन्नासाठी ती अविवाहिताला १५,७५० डॉलर, संयुक्त विवरण भरणाऱ्या जोडप्याला ३१,५०० आणि कुटुंबप्रमुखाला २३,६२५ आहे.

लग्नाचा हिशेब ३१ डिसेंबरला होतो. त्या दिवशी लग्न लागले तरी जोडपे वर्षभर विवाहित धरले जाते.

विवाहितांना मात्र निवड असते. घरात एकाचीच कमाई असेल तर संयुक्त विवरण सहसा स्वस्त पडते. पण दोघांच्या सह्या म्हणजे पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर; नवऱ्याने दडवलेल्या उत्पन्नावरचा कर बायकोकडूनही वसूल होऊ शकतो. जोडीदाराच्या हिशेबाची खात्री नसेल तर स्वतंत्र विवरणच शहाणपणाचे, मग शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट गेली तरी बेहत्तर. स्वतंत्र विवरण साधारण तीन वर्षांत संयुक्त करून घेता येते. संयुक्त भरलेले मात्र मुदत उलटल्यावर वेगळे करता येत नाही.

एच-वन-बी व्हिसावर गेलेले मराठी इंजिनिअर फसतात ते इथेच. बायको अजून पुण्यात, म्हणून ‘सिंगल’वर खूण केली जाते. ती चूक आहे. करापुरता अमेरिकेचा रहिवासी ठरलेल्या नवऱ्याने स्वतंत्र विवरण भरावे आणि बायकोच्या क्रमांकाच्या जागी ‘एनआरए’ (अनिवासी परदेशी) लिहावे, किंवा तिलाही करापुरते रहिवासी धरण्याचे दोघांच्या सहीचे निवेदन जोडून संयुक्त भरावे. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ भरून तिचा करदाता क्रमांक काढावा लागतो. मग तिचा पुण्यातला पगार, एफडीचे व्याज, फ्लॅटचे भाडे सगळेच अमेरिकेच्या विवरणात येते. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, तरी आधी दोन्ही प्रकारे आकडे मांडून पाहिलेले बरे.

नाशिकच्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवले म्हणून कुणी कुटुंबप्रमुख होत नाही. त्यासाठी अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी लागते. शिवाय घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार करदात्यानेच उचललेला हवा.

जोडीदार वारला त्या वर्षी संयुक्त विवरण भरता येते. घरात अवलंबित मूल असेल आणि पुनर्विवाह झाला नसेल, तर पुढची दोन वर्षेही जोडप्याइतकीच वजावट मिळते.