माणूस काय करीत आहे, हें यंत्रास कसें कळतें?

शेजारच्या खोलींत घरचें माणूस काय करीत आहे, हें आपणांस पुष्कळदां न पाहतांच कळतें. पावलांच्या चालीवरून वडील जिना चढत आहेत हें समजतें, केरसुणीच्या आवाजावरून केर काढणें चालू आहे हें समजतें. वर्षानुवर्षांच्या सहवासानें आलेलें हें ज्ञान, ज्यास डोळे नाहींत व कानही नाहींत अशा यंत्रास देतां येईल काय? आज मनगटावरचें घड्याळ आपलीं पावलें मोजतें, तें ह्याच प्रश्नाच्या पाठपुराव्याचें फळ होय. त्या मार्गावरील एक प्रयोग गृहस्थाश्रमी वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत लिंग बाओ व स्टीफन इंटिल ह्या दोघांनीं हा प्रयोग केला आणि २००४ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १७ ते ४८ वर्षें वयाचीं २० माणसें त्यांत सामील झालीं. प्रत्येकाच्या कमरेस, मनगटास, दंडास, मांडीस व घोट्यास एकेक लहान त्वरणमापक, म्हणजे वेगांतील फेरफार मोजणारें उपकरण, बसविलें होतें. ओळखावयाचीं कामें वीस होतीं: चालणें, धांवणें, सायकल चालविणें, जिना चढणें, वाचणें, जेवणें, दांत घासणें, घासणें-पुसणें, कपड्यांच्या घड्या घालणें, आडवें होऊन विसांवा घेणें इत्यादि. शास्त्रज्ञांच्या यादींत घरकामास हें स्थान मिळालें, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

हें मोजमाप सेकंदास सुमारें ७६ वेळां होई, आणि त्या आंकड्यांचे ६.७ सेकंदांचे तुकडे पाडून संगणक प्रत्येक तुकडा तपाशी. धांवतांना व सायकल चालवितांना शरीराच्या हालचालीचा जोर जवळजवळ सारखाच भासूं शकेल. परंतु सायकलीवर पाय एका तालांत वर्तुळाकार फिरतात, धांवण्याची गति अधिक गुंतागुंतीची असते. हा भेद सांपडला कीं दोन्ही कामें निराळीं ओळखतां येतात. अशा खुणा एकामागून एक पारखीत जाणाऱ्या ‘निर्णयवृक्ष’ नांवाच्या रीतीनें संगणक आपला निवाडा देई.

परंतु ह्या प्रयोगाचें खरें महत्त्व उपकरणांत नसून शिकवणुकीच्या पद्धतींत आहे. पाहुण्यांपुढें चहा घेऊन येणारी उपवर मुलगी रोज घरांत वावरते तशी चालत नाहीं, हें आपण सर्व जाणतों. प्रयोगशाळेंतही तसेंच होतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासांत प्रयोगशाळेंतील ओळख शेंकडा ९५.८ इतकी अचूक ठरली होती. बाहेरच्या नित्य व्यवहारांत मात्र तो अचूकपणा शेंकडा ६६.७ वर उतरला. म्हणून बाओ व इंटिल ह्यांनीं कोणावरही देखरेख ठेविली नाहीं. कामाच्या आरंभाची व शेवटाची वेळ ज्यानें-त्यानें स्वतःच टिपावयाची होती. ‘संगणकावर काम करा’ असें न सांगतां ‘जगांतील सर्वांत मोठें शहर कोणतें तें शोधून काढा’ असें सांगितलें जाई. त्यामुळें मन शहराच्या शोधांत गुंते आणि हात सहजपणें चालत.

अशा रीतीनें शिकविलेल्या यंत्रानें, पूर्वीं कधीं न पाहिलेल्या माणसाचीं कामेंही शेंकडा सुमारें ८४ वेळां बरोबर ओळखलीं. केवळ मांडी व मनगट येथील दोन उपकरणें ठेविलीं, तरीही अचूकपणा फारसा घटला नाहीं. आळेपिळे देणें व लिफ्टमधून जाणें हीं कामें मात्र त्यास निम्म्याहून अधिक वेळां ओळखतां आलीं नाहींत.

आतां एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मुलें दूरदेशीं आणि वृद्ध आईबाप घरीं एकटे, अशी स्थिति आज अनेक कुटुंबांत आहे. त्यांस अशा उपकरणाचा मोठा आधार वाटणें स्वाभाविक आहे. पण वरील प्रयोगांत सर्वांत वडील मनुष्य ४८ वर्षांचा होता! काठी टेंकीत चालणारे आजोबा किंवा गुडघ्यावर हात ठेवून उठणारी आजी त्या यंत्रानें पाहिलीच नव्हती. आडवें होणें त्यास शिकविलें होतें; तोल जाऊन पडणें त्या वीस कामांत नव्हतें. यंत्र ज्यांच्या सहवासांत वाढतें, त्यांनाच तें ओळखतें. ह्यास्तव असें कोणतेंही उपकरण विकत घेतांना, तें कोणत्या वयाच्या माणसांवर पारखलें आहे, हें प्रथम विचारावें.

दुसरी गोष्ट संमतीची. आई केव्हां निजली, केव्हां उठली, ह्याची नोंद दूर बसलेल्या मुलाच्या हातीं पडावी कीं नाहीं, हें आईनें ठरवावयाचें आहे, मुलानें नव्हे. बाओ व इंटिल ह्यांच्या प्रयोगांत नोंदवही ज्याची त्याच्याच हातांत होती. तोच कित्ता घरांतही गिरवावा, असें आम्हांस वाटतें. आई बसली आहे हें यंत्र सांगूं शकेल. ती उदास होऊन बसली आहे कीं जपाला बसली आहे, हें कळण्यास तिच्याशीं चार शब्द बोललेच पाहिजेत.