पाटी आधी, खड्डा नंतर

भिलाईतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 म्हणजे आपल्या धुळे, जळगाव, अकोला, नागपूरवरून पुढे गेलेलाच रस्ता. डिसेंबर 2022 मध्ये याच रस्त्यावर, भिलाईजवळच्या कुम्हारीत, अर्धवट उड्डाणपुलावरून एक मोटरसायकल रात्री खाली कोसळली. पती-पत्नी गेले, मुलगी वाचली. पूल जिथे संपत होता, तिथे वाट धड अडवलेलीही नव्हती.

भारतीय रस्ते काँग्रेसची ‘एसपी 55’ ही मार्गदर्शिका अशा कामांसाठीच आहे. तिच्यानुसार इशारा कामाच्या तोंडाशी नव्हे, बराच आधी द्यायचा. लाल काठाच्या त्रिकोणात फावडेवाला माणूस दिसला, की पुढे काम चालू आहे असे समजावे. त्यानंतर वाट हळूहळू अरुंद करत न्यायची, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी वाट पुन्हा मोकळी. पाट्या रात्री दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या हव्यात. पण सायकलला दिवाच नसेल तर पाटी चमकणार कशी? भिलाई या पोलाद कारखान्याच्या गावात एक पाळी रात्रीही सुटते. म्हणून अडथळ्यांवर स्वतंत्र दिवे हवेतच.

सायकलस्वारानेही जपायला हवे. चरावर टाकलेला लोखंडी पत्रा ओला झाला की चाक सटकते. तो सरळ, काटकोनात ओलांडावा. त्यावर ब्रेक दाबू नये, हँडल वळवू नये. खडी पसरलेली असेल तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही.

रस्त्याच्या कामात सुरक्षेचे निकष न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास, मोटार वाहन कायद्याच्या कलम 198-अ नुसार ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.