बेगमी आणि भरवसा
(लेखांक पाचवा)

मागील लेखांकात द्रव्यलोभाचे विवेचन केले. या खेपेस त्याहून सूक्ष्म अशा मोहाचा, म्हणजे निर्धास्तपणाच्या मोहाचा, विचार कर्तव्य आहे, आणि त्यासाठी नगरच्या भुईकोट किल्ल्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. ज्याच्या खंदकावर व तटबंदीवर निजामशाहीची सारी भिस्त होती, त्याच किल्ल्यात १६०० साली चांदबिबीचा घात स्वकीयांनीच केला. १७५९ साली किल्लेदार कवी जंगाने द्रव्य घेऊन तो पेशव्यांच्या हवाली केला. आणि १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीच्या तोफा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो इंग्रजांकडे गेला.

अशाच निर्धास्तपणाबद्दल लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, पीक विपुल आले म्हणून जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याची तजवीज करणाऱ्या आणि त्याच रात्री प्राणास मुकणाऱ्या धनवानाचा दाखला आहे. आमच्याकडील शेतकऱ्याला तो प्रथमदर्शनी अन्यायाचा वाटेल. कारण अवर्षणाच्या या मुलखात पेवात ज्वारीची बेगमी करणे हे शहाणपणाचेच लक्षण होय, आणि मिसर देशात योसेफानेही सुकाळाची सात वर्षे धान्य साठविलेच होते. मग दोष कोठे? त्या धनवानाचे बोलणे लक्षपूर्वक वाचावे. तो प्रश्न विचारतो स्वतःला, उत्तर देतो स्वतःला, आणि पुष्कळ वर्षांची हमी देतो तीही आपल्याच जिवाला. शेत पिकविणारा मजूर, दाराशी आलेला क्षुधित आणि पाऊस पाडणारा परमेश्वर यांपैकी कोणालाही त्या हिशेबात जागा नाही. योसेफाची कोठारे दुष्काळात उघडली. याची उघडण्यासाठी बांधलीच जाणार नव्हती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र मला येथे फार मोलाचे वाटते. १८९५ साली बाप्तिस्मा घेताना आप्तस्वकीयांचा आधार त्यांनी गमावलाच होता. पुढे नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत संसार पुन्हा स्थिरावला, आणि १९१७ साली, उतारवयात, ते नेमस्त वेतनही सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पापाच्या धनाचा त्याग सोपा आहे असे नव्हे; परंतु धर्मकार्यातून येणारी निष्कलंक मिळकतसुद्धा मनुष्याच्या भरवशाचे कोठार बनू शकते, हे ओळखण्यास विलक्षण प्रामाणिकपणा लागतो. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचा देहान्त झाला. संन्यासाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

मात्र या त्यागाचा भार एकट्या टिळकांनी वाहिला असे मानणे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर अन्याय करणे होईल. पती देवावर हवाला टाकून निघाला की चुलीची काळजी पत्नीकडे येते, आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्या घरातील ओढाताण विसरता येत नाही. गृहस्थाला आपल्या आश्रितांची निश्चिती सोडण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आधारे पुढील लेखांकी घेऊ.