एक ऑक्सिजन कमी

मावशी तीन महिन्यांसाठी टोकियोला, लेकीकडे निघाली. जायच्या बऱ्याच आधी तिने जेवणाच्या टेबलावर औषधांचा संसार मांडला. कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे, कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन जुन्या डब्या आणि ‘असू देत’ म्हणून घेतलेल्या सर्दीच्या गोळ्या. त्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘स्यूडोएफेड्रिन’ दिसलं आणि मी थांबलो.

“मावशी, ही नको नेऊस.”

“अरे, साधी सर्दीची गोळी आहे!”

साधीच. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवते, नाक मोकळं होतं. पण हे द्रव्य 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये विनापरवाना नेता येत नाही. का, ते शोधत गेलं की आपण नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञापाशी पोहोचतो. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या नागाईंनी 1885 मध्ये ‘माओ’ नावाच्या झुडपातून एफेड्रिन वेगळं काढलं. चिनी वैद्य हे झुडूप खोकल्या-दम्यावर शतकानुशतकं देत आले होते. (त्याच्याच भाऊबंदांच्या काड्या पारशी धर्मगुरू यस्न विधीत ‘होम’ म्हणून आजही कुटतात. वेदांतला सोम तो हाच, असं मानणारेही आहेत.)

1893 मध्ये नागाईंनी एफेड्रिनच्या रेणूतला एकुलता एक ऑक्सिजन काढून टाकला. कार्बनचे दहा, हायड्रोजनचे पंधरा, नायट्रोजनचा एक, एवढे अणू तसेच राहिले आणि हाती आलं मेथॅम्फेटामिन. तो ऑक्सिजन रेणूची पाण्याशी सलगी राखतो, त्यामुळे मेंदूभोवतीचा पहारा ओलांडणं त्याला जड जातं. ऑक्सिजन गेला की रेणू सुळकन आत शिरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये हे ‘हिरोपोन’ नावाने थकवा घालवणारं औषध म्हणून खपत होतं. युद्ध संपल्यावर व्यसन इतकं फोफावलं की 1951 मध्ये कडक कायदा आला.

आता स्यूडोएफेड्रिन हे एफेड्रिनचं जवळजवळ जुळं भावंड. फरक एकाच कार्बनपाशी, तिथली मांडणी उलटी एवढाच. गंमत अशी की ऑक्सिजन नेमका त्याच कार्बनला चिकटलेला असतो. तो काढला की दोघांतला भेदच पुसला जातो! म्हणून टोकियोच्या विमानतळावर मावशीची सर्दीची गोळी म्हणजे कच्चा माल. दुबई किंवा सिंगापूरला अनारसे नेणाऱ्यांनीही वरच्या खसखशीचा विचार करावा. ती अफूच्याच बोंडातली, आणि दोन्हीकडे तिला बंदी आहे.

स्ट्रिप कापू नये, हे मी मावशीला निराळ्या कारणासाठी सांगितलं. कापताना नाव जातं, आणि परदेशात आपल्या कंपनीने दिलेलं नाव कुणी ओळखत नाही. ओळखतात ते औषधाचं मूळ नाव. जागतिक आरोग्य संघटनेने अशा सामाईक नावांची पहिली यादी 1953 मध्ये काढली. त्या नावांत चक्क आडनावं असतात: मावशीच्या टेल्मिसार्टनमधलं ‘सार्टन’ पाहून कुठलाही फार्मासिस्ट लोसार्टनचं घराणं ओळखेल. पॅरासिटामॉलला मात्र जपानमध्ये अॅसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावं पॅरा-अॅसिटिल-अमिनो-फिनॉल या एकाच लांबलचक शब्दातून वेगवेगळे तुकडे उचलून केलेली.

बाकीचं भराभर उरकलं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांतच. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभरापेक्षा जास्त न्यायची, तर जपान सरकारचं ‘युन्यु काकुनिन-शो’ हे प्रमाणपत्र आधी मागवायचं. तो अर्ज लेकीने भरला.

मावशीची खरी काळजी वेगळीच निघाली. थायरॉइडची गोळी ती पहाटे सहाला उपाशीपोटी घेते. “आपले सहा म्हणजे तिथले साडेनऊ. तोवर चहासुद्धा प्यायचा नाही का रे?”

लेव्होथायरॉक्सिनचं आयुष्य दांडगं. रक्तातलं ते निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. साडेतीन तास त्याच्या खिजगणतीतही नाहीत. तिथल्या सहालाच घ्यायची. इन्शुलिन असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे वेळ डॉक्टरांनाच विचारावी लागते.

मावशीने सर्दीचं पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि त्या जागी चहाची पुडी कोंबली.